‘पैसा नसला की असंच होणार’ : रंकाळाकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रंकाळाकर, नमस्कार.

‘मी पाहिलेले सर्वांत वाईट सिनेमे’ या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यादीत पहिल्या नंबरावर मी जो मराठी सिनेमा ठेवला, तो आपल्याच भागातल्या पोरांनी पदरचे पैसे घालून काढलाय. त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘पैसा नसला की असंच होणार, एवढं कळायला एडिटर असावं लागत नाही.’ आवाज खराब होता तर तो थिएटरचा दोष असेल. मी मध्यंतराला उठून गेलो असं मीच लिहिलंय, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही. हिंदीतल्या मोठ्या बॅनरना मी हात लावत नाही. ‘अयोध्येचा राजा’चं साल चुकलंय. आणि शेवटी, ‘टेबलावर बसून कात्री चालवणं सोपं असतं, मास्तर.’

आधी मास्तरचं बघू. कोल्हापुरात भावा म्हणा, दादा म्हणा, अगदी ‘ए शहाण्या’ म्हणा, कुणाला काही वाटत नाही. पण ‘मास्तर’ हा शब्द इथं कुठल्या सुरात काढतात ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. टोपणनावाच्या आडून तो काढायला फारसं धाडस लागत नाही. एखाद्या शिक्षकाला कुणी आदरानं मास्तर म्हटलं तर गोष्ट वेगळी; तुमच्या वाक्यात आदर कुठं बसलाय, मला दिसला नाही. आणि कात्री जाऊन जमाना झाला. आता माउस असतो.

साल चुकलं, मान्य. मी 1931 लिहिलं होतं, 1932 हवं होतं. प्रभातनं तो बोलपट इथं कोल्हापुरातच केला. कंपनी पुण्याला हलली ती 1933 मध्ये. चूक दाखवलीत, आभार. यात उपरोध नाही.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. पैसा नसला की असंच होणार. 22 वर्षं एडिटिंगच्या टेबलावर काढली आहेत आणि त्यातली निम्मी तरी बिनपैशाच्या सिनेमांवर, म्हणून इथं जरा थांबतो.

त्या सिनेमातला, घराच्या सोप्यातला आई-मुलाचा सीन घ्या. आईच्या क्लोजअपला मागं पंख्याची घरघर, मुलाच्या क्लोजअपला एकदम शांतता. चार मिनिटांत तीसेक कट, म्हणजे घरघर तीसेक वेळा येते-जाते. आई रडतेय आणि प्रेक्षक पंखा मोजतोय. झालंय एवढंच, की आईचे शॉट पंखा चालू असताना घेतले आणि मुलाचे बंद असताना. बटण दाबायला किती खर्च येतो, सांगा की. सीन संपल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी 45 सेकंद गप उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटर तो सगळ्या कटांखालून अंथरतो, मग सांधा ऐकू येत नाही. फ्रीज बंद करायचा, आणि पॅकअपला चालू करायचं राहू नये म्हणून गाडीची चावी त्यातच ठेवायची. चावीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळं फ्रीज कधी विसरत नाही.

माइकचंही तेच. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज 6 डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) पडतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावरच्या माइकनं 3 मीटरवरून घेतलेलं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं ते यामुळं. तोच माइक काठीला बांधून डोक्यावर पाऊण मीटरवर धरला की 12 डेसिबल फुकटात परत मिळतात. फक्त काठी धरणाऱ्यानं तिची सावली कपाळावर पडू द्यायची नाही. घुमाऱ्यासाठी फ्रेमच्या बाहेर दोन भिंतींना चार जाड वाकळा टांगायच्या. आपल्याकडं वाकळ नाही असं घर दाखवा मला. स्टुडिओ भाड्यानं घ्या असं मी लेखात म्हटलंच नव्हतं. तुम्ही तेच वाचलंत, त्याला माझा इलाज नाही.

गाण्याकडं या. सुरुवातीला ओठ बरोबर, शेवटच्या कडव्याला नायिकेचे ओठ मिटतात आणि आवाज मागनं येतो. तुम्ही याला ‘तांत्रिक अडचण’ म्हटलंय. अडचण कसली, हा आकड्यांचा घोळ आहे. शूटिंग झालं सेकंदाला 23.976 फ्रेमवर (फ्रेम म्हणजे सिनेमातलं एकेक स्थिर चित्र), पुढं कुणीतरी ते 24 करून घेतलं आणि आवाजाला हातच लावला नाही. फरक हजारात एकाचा. पहिल्या मिनिटाला 60 मिलिसेकंद, कुणाला कळत नाही. पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी 300, म्हणजे सात फ्रेम, आणि ते शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळतं. आवाज थोडा मागं राहिला तर माणूस चालवून घेतो, कारण लांबचा आवाज उशिरा येतो याची कानाला सवय असते; पडद्यापासून 15 मीटरवर बसलात तरी एक फ्रेम उशीर आपोआप होतोच. पण सात फ्रेम नाही चालत. यावर उपाय एकच. पहिल्या दिवशी फ्रेमचा आकडा ठरवायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि कॅमेऱ्याला चिकटवायचा. चिठ्ठीचं अनुदान मागावं लागत नाही. आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे रेकॉर्ड करताना सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा तो आकडा, लिहायलाही त्याच चिठ्ठीवर जागा असते: 48 किलोहर्ट्‌झ. 44.1 वर घेतलेलं कुणी 48 समजून वाजवलं की माणूस पावणेनऊ टक्के भराभर आणि बारीक आवाजात बोलतो. या सिनेमातले पाटील मध्येच एका सीनपुरते मिमिक्रीवाले होतात, त्याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

अजून हवंय? दवाखान्याच्या सीनमध्ये भिंतीवर पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची, ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मिणमिणते. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती सेकंद घ्यायचा ते, 1/60 ठेवलं की पट्टे येणार, 1/50 ठेवलं की जाणार. एक बटण. रात्रीचा सीन भर दुपारी घेतला, तेही चालतं, पण मग कॅमेऱ्यात दोन स्टॉप कमी करायचं, म्हणजे उजेड चौथाईवर आणायचा, आभाळ फ्रेमच्या बाहेर ठेवायचं आणि सूर्य कललेला बघायचा. इथं आभाळ पांढरं, सावल्या पायाखाली, आणि मागं कावळे ओरडतात. रात्री.

पैशानं सिनेमा सुधारत असता तर ‘द रूम’ (2003) बघून लोक पोट धरून हसले नसते. त्याच्या दिग्दर्शकानं 35 एमएमचा (फिल्मचा) आणि डिजिटल असे दोन कॅमेरे एकाच स्टँडवर शेजारी-शेजारी लावून अख्खा सिनेमा दोनदा टिपला. उलट बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार करून 1920 साली ‘सैरंध्री’ आणला. त्या कॅमेऱ्याचं शिल्प खरी कॉर्नरला उभं आहे. तुम्ही रंकाळाकर म्हणवता, तर येता-जाता दिसत असेलच. ‘प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस’ गरिबीतच झाला. नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारले, तेव्हा दुसराच माणूस तोंडापुढं झगा धरून उभा केला. तोही लोक आज मजेत बघतात, कारण त्यात डोकं दुखत नाही. माझ्या लेखी सर्वांत वाईट सिनेमा म्हणजे ज्यात काय बोलले तेच कळत नाही तो. कथा वाईट असेल तर निदान ती वाईट आहे हे तरी ऐकू यायला हवं.

थिएटरचा दोष म्हणता, तर तो ओळखायची सोपी खूण आहे. दोष थिएटरचा असला तर जाहिराती आणि ट्रेलरही तसेच ऐकू येतात. मधला स्पीकर मेला असेल तर सगळ्याच सिनेमांतली वाक्यं खोल जातात, कारण बोलणं तिथूनच येतं. इथं पार्श्वसंगीत स्वच्छ, जाहिराती स्वच्छ, आणि बोलणं शॉटागणिक बदलतं. मशीनच्या बटणावर 7 च्या आकड्यावर ठेवायचा आवाज थिएटरवाले 5 वर ठेवतात हे खरंय, पण 5 वर ठेवल्यानं पंखा चालू-बंद होत नाही हो.

मध्यंतराला उठलो, होय. शितावरनं भाताची परीक्षा होते. पुढचा भाग सुधारला असेल तर आनंद आहे.

हिंदीतले मोठे बॅनर का नाहीत, याचं उत्तर लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचलात की नाही, शंका आहे.

राहता राहिली ती पोरं. त्यांना नावं ठेवायला मला हौस नाही. पण आपलीच पोरं म्हणून पाठ थोपटायची आणि पंखा चालू ठेवायचा, मग पुढच्या सिनेमातही तोच पंखा असणार. एवढी कळकळ आहे तर शूटिंगला दोन वाकळा नेऊन द्या त्यांना, माझ्या ब्लॉगवर येऊन भांडण्यापेक्षा.

लेखातलं साल दुरुस्त केलंय. क्रमांक तोच ठेवलाय.