‘मोबाईलवर वाचला ना? मग बारकोड ओके’ या फॉरवर्डला उत्तर

घरगुती मसाले, पापड, लोणची विकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय : बारकोडची इमेज लेबलवर टाका, मोबाईलने स्कॅन करा, वाचला की छापायला द्या, दर्जा तपासणी म्हणजे पैसे उकळायचे धंदे. मी लेबलं छापतो, म्हणजे त्या धंदेवाल्यांतलाच एक समजा. तरी एकेक मुद्दा घेऊ.

‘मोबाईलने वाचला म्हणजे चांगला.’ मोबाईल फार समजूतदार असतो. तुम्ही नकळत हात मागेपुढे करता, तो धडाधड चित्रं टिपतो आणि त्यातलं एक जमलं तरी खूश. तपासणी यंत्र मात्र खाष्ट. आयएसओ १५४१६ या मानकाप्रमाणे ते बारकोडवर दहा वेगवेगळ्या ठिकाणी आडवं वाचतं. कॉन्ट्रास्ट, कडा, डाग अशा निकषांत ज्याला सगळ्यात कमी गुण, तोच त्या वाचनाचा गुण. मग दहांची सरासरी. ४ पैकी किमान १.५ मिळाले तर माल दुकानाच्या काउंटरसाठी पास.

‘रंग ब्रँडला शोभेल तो घ्या.’ इथेच सगळ्यात जास्त लेबलं वाया जातात. दुकानातल्या स्कॅनरचा उजेड बहुधा लाल असतो. लाल उजेडात लाल शाई पांढरीच दिसते, म्हणजे पांढऱ्यावर लाल पट्ट्या छापल्या की स्कॅनरच्या लेखी कागद कोरा. उलट लाल जमिनीवर काळ्या पट्ट्या चालतात. पारदर्शक पाऊचची गंमत वेगळीच. पट्ट्यांखाली पांढरा थर दिला नाही, तर आतला माल हीच पार्श्वभूमी होते. लाल तिखटावर कदाचित निभावेल. त्याच पाऊचमध्ये काळा मसाला भरा, काळ्यावर काळं काय दिसणार?

‘जागा नसेल तर कडेचं पांढरं कापा.’ ते रिकामं नसतं. बारकोड कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे स्कॅनरला त्यावरूनच कळतं. ईएएन-१३ मध्ये, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या १३ आकडी बारकोडमध्ये, सर्वांत बारीक पट्टीच्या ११ पट जागा डावीकडे आणि ७ पट उजवीकडे मोकळी लागते. पूर्ण आकारात ही पट्टी ०.३३ मिमी, आणि मोकळ्या जागेसह रुंदी ३७.२९ मिमी. लहान करायचा तर ८० टक्क्यांपर्यंत करा, कडा कापू नका.

‘घरच्या लेबल प्रिंटरवर काढा, काय फरक पडतो?’ २०३ डीपीआय (म्हणजे इंचात २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा. ०.३३ मिमीची पट्टी म्हणजे २.६४ ठिपके. प्रिंटर अर्धामुर्धा ठिपका छापत नाही, त्यामुळे इमेज ताणून बसवली की कुठे २, कुठे ३. पट्टी ३ ठिपक्यांचीच ठेवा, म्हणजे ०.३७५ मिमी, बारकोड जरा मोठा होईल, पण सरळ वाचेल.

‘नाहीच वाचला तर खाली आकडे आहेत.’ टाइप करायला दुकानदाराला वेळ असतो असं गृहीत धरलंय. शेवटचा तपास-अंक (आधीच्या आकड्यांवरून काढलेला) एका आकड्याची चूक नक्की पकडतो, पण शेजारचे दोन आकडे उलटे पडले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, जसं १६ चं ६१, तर तोही फसतो. (आकड्यांवरून आठवलं : ‘८९० म्हणजे भारतात बनलेलं’ हेही खोटं. तो नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेने दिलाय, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठलाही असू शकतो.)

‘ही बंधनं मोठ्या कंपन्यांना.’ तुमचा माल खोक्यात भरून गोदामात गेला की तिथे कन्व्हेयर बेल्टवरून सरकताना आकडे टाइप करायला कोणी उभं नसतं. खोक्यावरच्या बारकोडभोवतीची जाड चौकट शोभेची नाही. स्कॅनरची रेघ तिरकी गेली तर अर्धाच नंबर पूर्ण समजून वाचला जाऊ नये म्हणून ती असते. परवाच एका गिऱ्हाइकाने ती ‘जुनाट दिसते’ म्हणून काढायला सांगितली. मी काढली नाही.