गोडवा अंगाशी येतो तेव्हा

आमच्या लहानपणी पुरुषाच्या अंगाला येणारे मान्यताप्राप्त वास मोजकेच होते. सकाळी साबणाचा, दाढीनंतर तुरटीचा, दिवाळीत उटण्याचा, लग्नकार्यात कानामागच्या हिन्याच्या फायाचा, आणि संध्याकाळी भरलेल्या लोकलमधून ठाण्याला उतरल्यावर जो येतो तो. त्या यादीत व्हॅनिला कुठेही नव्हता. तो आमच्या घरात आला तो भाच्याच्या कृपेने. “मामा, रोजच्या वापराला मस्त आहे, बिनधास्त लाव,” असे म्हणून त्याने अत्तराची गडद निळी, हातात धरल्यावर वजनदार वाटणारी बाटली माझ्या स्वाधीन केली.

पहिल्या फवाऱ्याला लिंबाच्या सालीचा झणका आला, मागून लॅव्हेंडर आणि वेलदोडा आला, आणि येथवर सारे सभ्य होते. मग शर्टाची बटणे लावून होईपर्यंत कॉलरमधून असा काही दाट, उबदार गोडवा वर येऊ लागला, की स्वयंपाकघरातून सौ.ने घाईघाईने विचारले, “अहो, मी गॅसवर दूध आटवायला ठेवलंय का?”

पुरुषांना असे गोड करण्याचा उद्योग नवा नाही, हे मला नंतर कळले. ताज्या कापलेल्या गवताचा आणि टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बियांचा गोडसर वास ज्यामुळे येतो, ते कुमारिन नावाचे रसायन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत तयार केले, 1874 मध्ये जर्मनीत व्हॅनिलाला त्याचा वास देणारे व्हॅनिलिनही तसेच तयार झाले, आणि 1882 मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या घराण्याने कुमारिन घालून जे अत्तर काढले, त्याच्या घडणीवर पुरुषांच्या अत्तरांची एक अख्खी परंपरा उभी राहिली. 1995 च्या ‘ल माल’ या पुरुषांच्या अत्तराने तर पुदिना आणि लॅव्हेंडरच्या खाली उघडउघड व्हॅनिला अंथरला. तिकडच्या थंडीत, लोकरीच्या कोटाआड, हा गोडवा बेताबेताने बाहेर पडत असेल. आपल्याकडे मे महिन्यात ठाण्याच्या नऊ नंबर फलाटावर उभे राहिले, की तो परवानगीची वाट पाहत नाही.

वाशीच्या गाडीत बसल्यावर या शास्त्राचे प्रात्यक्षिक मिळते. लिंबाचे रेणू हलके आणि उतावळे, त्यामुळे ते ऐरोली यायच्या आत उडून जातात. लॅव्हेंडर घणसोलीपर्यंत कशीबशी तग धरतो. व्हॅनिलिन मात्र जड आणि चिवट असल्यामुळे ते वाशीपर्यंत सोबत करते, दिवसभर कार्यालयात बसते आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परतही येते. पासधारकांच्या आमच्या घोळक्यातील एका काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीकडे पाहत विचारले, “साहेब, पेढे कसले?” मी नाही म्हटले, तर रबाळे येईपर्यंत मला बढती मिळाल्याची आणि मी ती दडवत असल्याची बातमी दाराजवळ उभ्या असलेल्यांपर्यंत पोहोचली होती. कोपरखैरणेला उतरणाऱ्या एका गृहस्थांनी तर जाता जाता माझे अभिनंदनही केले.

या छळातील खरी मेख अशी, की लावणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. एकच वास सतत येत राहिला, की नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे डब्यातील सर्वांच्या जिभेला पाणी सुटलेले असताना मी एकटाच, वास उडून गेला या समजुतीने, वाशीच्या जिन्यात आणखी दोन फवारे मारण्याच्या बेतात असतो. भाच्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, “मामा, लोक विचारतात म्हणजे काँप्लिमेंट आहे ती!” आमच्या घरात या अत्तराला फसल्या नाहीत त्या फक्त मुंग्या. खुंटीवरच्या शर्टाकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत.

बाटली महागाची असल्यामुळे टाकवत नाही, आणि बढतीची अफवा आता निस्तरण्यापलीकडे गेली आहे. म्हणून परवा जांभळी नाक्यावरून खरेच अर्धा किलो पेढे घेतले आणि गाडीत वाटून टाकले. सर्वांनी आनंदाने खाल्ले. काकांनी दुसरा पेढा उचलला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, “चांगला आहे, पण वासाच्या मानाने फिका वाटतो हो!”