पहिला ग्लास घरातलाच माणूस देतो

आज पुतण्याच्या हायस्कूलमध्ये पालकसभा होती. जाऊबाईंना ताप, म्हणून मी गेले. तिथून आल्यापासून डोकं तापलंय, आता लिहूनच टाकते.

सरांनी सांगितलं, मैदानामागच्या कंपाउंडपाशी दारूची रिकामी पाकिटं सापडतायत, घरी लक्ष द्या. तर एक गृहस्थ उठून म्हणाले, "आयांचं लक्ष नाही हो, दिवसभर सिरीयल." सभेला आलेल्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या. कामावरून खाडा करून आलेल्या. न आलेल्या बापांबद्दल चकार शब्द नाही. मी बोलायला उठले तर वेळ झाला म्हणून सभाच गुंडाळली.

आमच्या शेजारच्या वहिनींचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, गावाचं नाव तेवढं लिहीत नाही. मुलगा नववीत. एका दुपारी वहिनी मागच्या दारानं आल्या, हातात भाजीची पिशवी. कोथिंबिरीच्या जुडीखालून 90 मिलीचं पाकीट काढलं. लहान पोरांच्या आंब्याच्या ज्यूसचं असतं तेवढंच, मुठीत मावणारं, कोपरा दातानं फाडलेला. पोराच्या दप्तरात कंपासपेटीखाली मिळालं होतं. "अक्का, ह्यांना कळलं तर पोराला जिवंत ठेवायचे नाहीत. सासूबाईंना कळलं तर मला. कुणाला सांगू?"

रोज संध्याकाळी ती बाई विचारायची, "कुठं जाऊलास रे?" तो म्हणायचा क्लासला. आणखी काय लक्ष ठेवायचं तिनं? अंगणवाडीत मदतनीस आहे, परत आल्यावर म्हशी, स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं.

नंतर पोरगा हळूहळू बोलला. पहिली बिअर त्याला गावच्या लक्ष्मी यात्रेत मिळाली. दिली सख्ख्या चुलत्यानं. मटणाची पंगत उठली होती, मांडवामागं पुरुषमंडळी बसलेली, त्यात ह्याला बोलावून ग्लास हातात दिला. "आता मोठा झालास." सगळे हसले. बापही तिथंच होता. आणि आता तोच बाप पट्टा काढणार!

यात्रा, हळद, वरात, गणपतीची मिरवणूक, एकतीस डिसेंबरला ओल्डमॅनचा पुतळा जाळून झाल्यावरची पार्टी. पोरं कुठं शिकतात म्हणून काय विचारता? आपल्याच मांडवात शिकतात. मोबाइल आहे, वाईट संगत आहे, मान्य. पण त्या संगतीआधी काका-मामा येतात.

हे प्रेमानं पाजणाऱ्यांनी एक वाचावं. बाल न्याय कायदा 2015, कलम 77. 18 वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. त्यात सख्ख्या चुलत्याला सूट नाही. आपल्याकडं, कर्नाटकाच्या कडेला, पोरांना वाटतं सीमेवर सगळं चालतं. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं वय 18. शिनोळीपासून महाराष्ट्र, तिथं कडक दारूला 25. पण नववी-दहावीतल्या पोराला तिन्हीकडं बंदीच आहे.

आणि विकणारे? कर्नाटकात सारायी (देशी दारू) 2007 साली बंद झाली तेव्हा बायकांना वाटलं, सुटलो. आता किराणा दुकानात साबणाच्या खोक्यामागं पाकिटं ठेवतात. लायसन नाही, काही नाही. गावात कुणाला माहीत नाही असं नाही. वहिनींच्या पोरानं तिथूनच घेतलं, उधारीवर! नववीतल्या पोराच्या नावानं उधारीची वही! हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

सगळे बाप असे नाहीत, हेही खरं. आमच्याच गल्लीतल्या एकानं पोरगी झाल्यावर सोडली ती सोडलीच.

वहिनींना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, आज काही बोलू नका, त्याला जेवू घाला. सकाळी दोघंच असताना विचारा, आणि आधी विचारा कुणी दिली. मार खाल्लेलं पोरगं खरं सांगत नाही, जागा तेवढी बदलतं. मग आम्ही 14446 वर फोन लावला. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. पुढं धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. पोरगा वाटभर खिडकीकडं तोंड करून बसला होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं नाही, आईसमोर त्याच्याशीच बोलले. लहान वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते, मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, हे सगळं त्यालाच नीट सांगितलं. आता बरा आहे. अधूनमधून चिडतो, पण घरात असतो. क्लासला जातो तेव्हा खरंच क्लासला जातो.

गांजाची पुडी किंवा पंक्चरचं सोल्युशन सापडलं तरी हेच करा, आयांनो. लपवू नका. सापडलं म्हणजे तुमचं नाक कापलं गेलं असं नाही. पोराचे डोळे लाल, पैसे कमी, जुने मित्र येईनासे झाले, तर तेव्हाच कुणाशी तरी बोला. माझ्याशी बोला.

एक अडचण मात्र खरी आहे. त्या दुकानाची तक्रार द्यायला वहिनी गेल्या तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, बोलता येतं पण लिहिता येत नाही. परत आल्या. आता मी लिहून ठेवलाय, कन्नडमध्ये, दुकानाच्या जागेसकट. स्त्रीशक्ती संघाच्या बायका सह्या करतायत. परवा सकाळी दहाला मारुतीच्या देवळापाशी जमून आधी ग्रामपंचायतीत, मग पोलीस ठाण्यात देणार आहोत. तुमच्या गावातही असं दुकान असेल तर इनबॉक्समध्ये जागा कळवा, अर्ज लिहून देते. आणि बापांनो, परवा तुम्हीपण या. सह्यांच्या कागदावर अजून एकाही पुरुषाचं नाव नाही.