‘शिळा ढग’ म्हणणाऱ्या वाचकास

‘इचिमोकू म्हणजे २६ कॅन्डल शिळा ढग बघून आजचा सौदा करणं. साइडवेजमध्ये याचे बारा वाजतात, ९-२६-५२ हे आकडे कालबाह्य झालेत, आणि ब्रोकरेज वजा जाता हाती काय उरतं तेवढं दाखवा. बाकी बकवास बंद करा.’

इचिमोकू या चार्ट वाचायच्या जपानी पद्धतीवरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. (कॅन्डल म्हणजे चार्टवर एका दिवसाचा किंवा ठरावीक मिनिटांचा भाव दाखवणारी पट्टी, आणि ढग म्हणजे दोन रेषांमधला रंगवलेला पट्टा.) मतभेदाला माझी ना नाही. पण ‘बकवास’ म्हणण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा फार नसावी. ढग हिरवा दिसला की खरेदी करा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं रोज हाच चार्ट उघडणाऱ्याला तो कसा वाचायचा हे दोन ओळींत शिकवायचा आत्मविश्वास तुमच्यापाशी आहे, याचं मात्र कौतुक वाटलं.

आधी पटलेलं सांगतो. ९-२६-५२ हे आकडे ही पद्धत तयार करणाऱ्या गोइची होसोदांच्या काळचे, जपानात बाजार आठवड्याचे सहा दिवस चालायचा तेव्हाचे. २६ म्हणजे साधारण महिन्याभराचे कामकाजाचे दिवस. पाच मिनिटांच्या चार्टवर त्या २६ला कॅलेंडरचा कसलाही आधार उरत नाही, हे मान्य. पण बहुतेकांच्या स्क्रीनवर हेच आकडे असतात, म्हणून मी ते बदलत नाही. विषय संपला.

आता तुमचा शिळा ढग. तेन्कन म्हणजे ९ कॅन्डलमधल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या भावाचा मध्य. किजुन म्हणजे तोच मध्य २६ कॅन्डलचा. या दोघांची सरासरी ही ढगाची एक कड, सेन्को ए. ५२ कॅन्डलचा मध्य ही दुसरी, सेन्को बी. दोन्ही २६ कॅन्डल पुढे काढतात. म्हणजे आजच्या कॅन्डलसमोरचा ढग २६ कॅन्डलपूर्वीच कायम झालेला असतो. तुम्हाला जो दोष वाटतो, सगळा उपयोग नेमका त्यातच आहे. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजला आजचा भाव ओढतो. मोठी कॅन्डल आली की ज्या रेषेशी भाव ताडायचा ती रेषाच सरकते. ढगाचं तसं नाही. आज भाव १० टक्के उसळला तरी समोरचा ढग जागचा हलत नाही. पुढच्या पंचवीसेक कॅन्डलना ढगाच्या कडा कुठे असतील ते आजच ठाऊक असतं, म्हणून ऑर्डर आणि स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून सौदा बंद करायचा भाव) आधीच ठरवता येतात. याला भाकीत कोणी म्हटलं? मी तरी नाही.

चूक होते ती वाचण्यात. आजचा भाव आजच्याच कॅन्डलखालच्या किंवा वरच्या ढगाशी ताडायचा. पुढे काढलेल्या ढगात फक्त ए वर आहे की बी, एवढंच बघायचं. स्वतः स्कॅनर, म्हणजे सिग्नल शोधणारा प्रोग्राम, लिहिणारे तर बऱ्याचदा ढग सरकवायलाच विसरतात आणि आज मोजलेल्या कडा आजच्याच भावाला लावतात. शिवाय काही प्लॅटफॉर्म चालू कॅन्डल धरून २६ मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष सरक २५चीच असते. अलर्ट लावण्यापूर्वी चार्टवरचा आकडा आणि सूत्रातला आकडा जुळवून बघा. तुमचे सिग्नल का फसले असतील याचा मला थोडा अंदाज येतोय.

खरी मेख वेगळीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा पत्ताही नाही. समजा, ९ कॅन्डलचा हाय ११४, लो १०४, तेन्कन १०९. २६ कॅन्डलचा हाय ११८, लो ९४, किजुन १०६. तेन्कन वर, तेजीची मांडणी. पुढच्या कॅन्डलला तो ९४चा लो शेवटच्या २६ कॅन्डलच्या बाहेर गेला आणि उरलेल्यांत सर्वांत खालचा १०२ निघाला. किजुन एका झटक्यात ११०. भाव तसूभर हलला नाही, तरी तेन्कन किजुनच्या खाली गेला आणि स्क्रीनवर विक्रीचा क्रॉसओव्हर उमटला! गंमत म्हणजे त्याच वेळी सेन्को ए १०७.५ वरून १०९.५ वर चढला. क्रॉस झाला की आधी बघायचं, नवा हाय-लो आला म्हणून झाला की जुना मोजणीतून गळला म्हणून? जुना गळला असेल तर मी तो क्रॉस मोजतच नाही.

म्हणूनच खरेदीसाठी चारही गोष्टी लागतात: क्लोज ढगाच्या वर, तेन्कन किजुनच्या वर, पुढच्या ढगात ए वर, आणि चिकोउ, म्हणजे २६ कॅन्डल मागे काढलेला आजचा क्लोज, तिथल्या कॅन्डलच्या वर मोकळा. तो त्या कॅन्डलमध्ये अडकला असेल तर थांबायचं. स्टॉपलॉस किजुनच्या खाली. भाव किजुनपासून फार लांब पळाला असेल तर स्टॉपलॉस महाग पडतो. तो सौदा सोडून द्यायचा.

साइडवेजचं, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात रेंगाळतो तेव्हाचं म्हणाल, तर भाव ढगात असताना हात लावू नये, हे लेखात आहेच. ब्रोकरेज ज्याचं त्याचं वेगळं, त्या हिशेबात मी पडत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा टाइमफ्रेम, एन्ट्रीची कॅन्डल आणि स्टॉपलॉस कुठे होता ते लिहा. नुसतं ‘बकवास’ आलं तर उत्तर मिळणार नाही.