तीन दिवे आणि खालचे काका

हॉलच्या फॉल्स सीलिंगमधले जुने 12 व्होल्टचे तीन हॅलोजन काढून एलईडी टाकायचे, काम एवढंच. वायरमन आला, पीओपीची धूळ माझ्या चहात पाडली, "जुनाच ट्रान्सफॉर्मर चालून जातो साहेब" म्हणाला आणि मिसळ खाऊन येतो सांगून गेला तो गेलाच. नाशकात मिसळीला गेलेल्या माणसाला उशीर होणार हे धरूनच चालतो आपण, पण याने फोन उचलणंच बंद केलं.

बटण दाबलं तर तिन्ही दिवे लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकायला लागले. आणि खालचे काका हजर. त्यांना बोलवावं लागत नाही, आमच्याकडे शिडी सरकली की खाली ऐकू जातं.

"बारा व्होल्ट? अरे लाईनला तर 230 येतात!"

"वर ट्रान्सफॉर्मर आहे काका, तो कमी करतो."

"म्हणजे बिल वीस पट कमी?"

"नाही हो, बिल वॅटवर येतं. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. हा 35 वॅटचा हॅलोजन 12 व्होल्टवर जवळजवळ 3 अँपिअर ओढतो."

"बघ, म्हणजे बिल वाढणार!" काका एकदम खूश.

मग मी शांतपणे समजावायला गेलो, की हा 105 वॅटचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला किमान 20 वॅटचा लोड लागतो, तसं त्याच्यावर बारीक अक्षरात छापलंय, आणि आपले 5-5 वॅटचे तीन मिळून होतात 15, म्हणून तो चालू-बंद चालू-बंद करतोय, एलईडीचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जागी बसणारा एलईडीसाठीचा डबा, आणावा लागेल. काकांनी तोवर काढून ठेवलेला एक हॅलोजन उचलून, फुंकर मारून, शर्टाला पुसला.

"घरातलं जुनं सगळं एकदम बाहेर काढू नये रे. एक राहू दे. वास्तूला बरं नसतं."

"काका, वास्तूचा काय संबंध..."

"लाव ना, एवढं म्हणतायत तर," आतून बायको.

लावला. आणि दिवे गप्प! तिन्ही. आता 35 अधिक 5 अधिक 5 म्हणजे 45, ट्रान्सफॉर्मरचं पोट भरलं, विषय संपला. पण शिडीवर मी, मानेत लचक माझ्या, चष्मा वर करून ते बारीक अक्षर वाचणारा मी, आणि पहिला चहा काकांना, वर "काका होते म्हणून!"

एमजी रोडला ड्रायव्हर मागितला तर दुकानदार म्हणतो सुटा नाही मिळत, अख्खी फिटिंग घ्या. म्हणजे सीलिंगला पुन्हा नवीन भोकं, पुन्हा धूळ, पुन्हा तो मिसळवाला. लोकांना नुसतं विकायचं असतं, चालतं का नाही ते बघायला कोणी थांबत नाही. काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे वास्तुदोष निघाला म्हणे?"

त्यात तो हॅलोजन नेमका माझ्या खुर्चीच्या वर. पेपर वाचेपर्यंत टाळू तापते. खुर्ची जरा सरकवतो म्हटलं तर बायको म्हणते, आधी काकांना विचार.