डेट्रॉईटमध्ये माझं दिवाळं

आतापर्यंत माझं पाच वेळा दिवाळं निघालं आहे. पाचही वेळा १९१४ उजाडायच्या आत.

भाच्याने सुट्टीत येऊन माझ्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून दिला. १९०८ सालचं डेट्रॉईट, गाठीला थोडं भांडवल आणि मोटारींचा कारखाना काढायचा. "मामा, तुला इतिहासाचं वेड आहे ना? मग तुला सोपंच जाईल," असं म्हणून पोरगा पुण्याला निघून गेला. मलाही वाटलं, पेपर तर आधीच फुटलाय. हेन्री फोर्डने १९०८च्या ऑक्टोबरात मॉडेल टी आणली, १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा बसवला, १९१४च्या जानेवारीत कामगारांना दिवसाला ५ डॉलर जाहीर केले आणि गडी गब्बर झाला. आपण तेच जरा आधी करायचं, बस्स.

मी पहिल्याच महिन्यात ५ डॉलर रोज जाहीर केला. पडद्यावरचे चिमुकले कामगार टोप्या उडवू लागले. मला भरून आलं. मार्चमध्ये बँकेची नोटीस, मेमध्ये टाळं.

मग तोच इतिहास पुन्हा वाचला, या खेपेला नीट. फोर्डला काही दानधर्माचा झटका आला नव्हता. पट्ट्यापाशी दिवसभर एकच बोल्ट आवळायच्या कामाला माणसं इतकी कंटाळत, की आज घेतलेला माणूस चार दिवसांत गायब. शिवाय गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते पट्ट्यामुळे ९३ मिनिटांवर आलं होतं. म्हणजे आधी पट्टा, मग पगार. मी लग्न ठरायच्या आधीच वरात काढली होती.

तिसऱ्या डावात मी सगळा पैसा विजेच्या स्टार्टरवर लावला. तेव्हा गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगटच मोडे. कॅडिलॅकने १९१२ साली बटण आणलं, मी १९०९लाच आणणार होतो.

"अहो, साडेअकरा वाजले, झोपा आता."

"थांब गं, टायरवाला पैसे मागतोय."

"एवढ्या रात्री? कोण टायरवाला?" ती चष्मा लावून पडद्याशी आली. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बटण दाबून सुरू होईल हो, पण थांबेल कशी? ब्रेकपुढे शून्य दिसतंय." मग जाता जाता, "मिक्सर गणपतीपासून बंद आहे. त्याचं बटण बघा आधी."

बायको मोटार कंपनीच्या संचालक मंडळावर असती तर मी आज श्रीमंत असतो. पण असो.

माझा खरा आधार म्हणजे फोर्डची स्वतःची फजिती. त्याची पहिली कंपनी १९०१ला बुडाली, दुसरीतून तो १९०२ला बाहेर पडला (तिचीच पुढे कॅडिलॅक झाली), आणि तिसरी काढल्यावर महिनाभरात, म्हणजे १९०३च्या जुलैत, बँकेत उरले २२३ डॉलर ६५ सेंट. त्यातले ते ६५ सेंट मला फार जवळचे वाटतात. नेमका तेव्हाच शिकागोचा एक दंतवैद्य आला आणि त्याने पहिली गाडी घेतली. पाचव्या डावात माझ्याही खात्यात दोनशेच्या आसपास उरले, तेव्हा मी घाबरलो नाही. चहा करून घेतला आणि दंतवैद्याची वाट बघत बसलो. दंतवैद्य आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या मावशींनी पगार वाढवायची गोष्ट काढली. तीनशे रुपये. मी खुर्ची पुढे ओढून त्यांना समजावलं, की पगार आधी वाढवून चालत नाही, आधी कामाचा वेळ कमी व्हायला हवा, साडेबारा तासांचं काम दीड तासात...

"मी पाऊण तासातच करते की दादा," मावशी म्हणाल्या. "आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये पाचशे वाढवून देतायत."

मी पाचशे कबूल केले. आत बायकोने पाट्यावर चटणी वाटायला घेतली होती, जरा जास्तच जोरात. मी लॅपटॉप उघडून सहावा डाव लावला. या खेपेला शिकागोत एजंट नेमलाय.