मास्तरांची ढोलकी खाल्ली कुणी?

काल रात्री यूट्यूबवर, व्हिडिओ कॉलवरून घेतलेल्या एका मुलाखतीत मास्तरांनी ढोलकी वाजवली आणि ती कुणालाच ऐकू आली नाही.

उभं आयुष्य तमाशाच्या फडावर गेलेला माणूस, ऐंशीच्या घरातला. नातवाने हातात धरलेल्या फोनसमोर बसून म्हणतो, "थांबा, गवळणीला कसं वाजवायचं आन् वगात लढाईला कसं, दावतोच." उठतो, खुंटीवरची ढोलकी काढतो, बसतो, हात पडतो आणि आमच्या स्पीकरमधून येते नुसती खरखर. मधूनच एखादं 'टक्'. मग काहीच नाही. बोटं चाललीत, खांदा हलतोय, चेहरा फुललाय आणि आवाज शून्य. तिकडे पुण्यात निळ्या-जांभळ्या दिव्यांत बसलेला अँकर मान डोलावतोय! "वा सर, अंगावर काटा आला!" कशाने आला रे? काय ऐकलंस तू?

कॉलच्या अ‍ॅपमधली आवाज साफ करणारी सोय माणसाचं बोलणं तेवढं ठेवते आणि बाकीचं दाबून टाकते. पंखा असो, कुकरची शिट्टी असो, ढोलकी असो, तिला सगळं सारखंच. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. वादकाची मुलाखत घेणार म्हणून आठवडाभर पोस्टर टाकत होतास ना? मग कॉल लावायच्या आधी नातवाला "तेवढं बंद कर" एवढं सांगायला काय झालं होतं? ते जमत नसेल तर घरातला दुसरा फोन ढोलकीपासून हातभर लांब ठेवायला सांग, त्यावर नुसतं रेकॉर्डिंग चालू कर आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून घे, म्हणजे एडिटिंगला चित्र आणि आवाज जुळतात. एक पैसा लागत नाही याला. आणि हेही नाही जमलं तर तोंड उघडून सांग, "मास्तर, ऐकू येत नाहीये." मास्तर बिचारे समजले पोरानं ऐकलं. घाम पुसत हसले. ते हसू बघून मला रडू आलं, खरंच सांगते.

आणि लगेच पुढचं काय? "सर, आता रॅपिड फायर! पुरणपोळी की पिझ्झा?"

मास्तर ढोलकी फडाचे, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तमाशाचे. राहुट्या, कनाती, सामानाचे ट्रक, या जत्रेतून त्या जत्रेत. हा विचारतोय, "थिएटरला बारी लावायचात तेव्हा पब्लिक कसं असायचं?" मास्तर म्हणाले, "आमी बारीवाले नव्हं, आमचा फड." पुन्हा म्हणाले. याच्या कागदावर संगीत बारी, म्हणजे थिएटरात रंगणारी लावणी, लिहिलेली, त्यामुळे पुढचे प्रश्नही बारीवरच. फड आणि बारी यातला फरक कळायला पीएचडी लागत नाही, कुणाही जाणत्या माणसाला एक फोन पुरतो.

सगळ्यात जास्त संताप पुढच्या गोष्टीचा. मास्तर बोलता बोलता पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाच्या आठवणीवर आले. पाडव्याला फडांच्या राहुट्या लागलेल्या, गावोगावचे लोक जत्रेतल्या खेळाची सुपारी द्यायला आलेले, ते सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मग म्हणाले, "एका गावानं सुपारी दिली आन् रातच्याला आमची कनात पाडली, का, तर..." आणि हा म्हणतो, "येस येस सर, त्यावर आपण येऊच!" आला नाही. शेवटपर्यंत आला नाही. का पाडली कनात? कोणी पाडली? मी झोपले नाही रे त्यावर.

नेटमुळे आवाज उशिरा पोचतो हे मान्य. समोरच्याचं संपलं की साधारण २०० मिलिसेकंदांत आपण बोलायला लागतो. २००९ साली दहा भाषांच्या अभ्यासात हे मोजलेलं आहे. कॉलवर तर तेवढा वेळ आवाज पोचण्यातच जाऊ शकतो. म्हणजे कॉलवरच्या माणसाने श्वास घेतला तरी तो थांबला असं वाटतं आणि आपण मध्ये घुसतो. म्हणून तर कॉलवर मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न विचारून गप्प बसायला शिकलं पाहिजे! दोन सेकंद. तीन सेकंद. नकोशी वाटली तर ती शांतता एडिटिंगला कापता येते. मध्ये घुसून मारून टाकलेलं वाक्य कुठल्या सॉफ्टवेअरने परत आणणार?

आता सुरू झालेच आहे तर सगळंच बोलते. ती सुरुवातीची झलक बंद करा, ज्यात मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं वाक्य धडधडत्या म्युझिकवर आधीच वाया जातं. तो 'ढसाढसा रडले' लिहिलेला थंबनेल बंद करा, माणूस साधा हुंदकाही देत नाही आत. पाहुण्याचा लॅपटॉप खाली ठेवून आम्हाला त्याच्या नाकपुड्या आणि छताचा पंखा दाखवू नका, खाली चार जाड पुस्तकं ठेवायला सांगा. इअरफोन न घालता बसू देऊ नका, प्रत्येक शब्द घुमतो. "तुमच्या एकूण प्रवासाबद्दल काय सांगाल?" हा प्रश्न तर कायद्याने बंद झाला पाहिजे. ज्याला काही माहीत करून घ्यायचं नाही तोच हे विचारतो. आणि स्वतःच्या बालपणीची गोष्ट सांगून शेवटी "बरोबर ना सर?" म्हणणं, हा प्रश्न नसतो!

वर हेच लोक कार्यशाळा घेतात, 'मुलाखत एंगेजिंग कशी करावी'. दर आठ सेकंदांनी कॅमेरा बदला, मीम टाका, झूम करा. म्हणे प्रेक्षकांना धीर नाही. खोटं आहे हे! २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात राज ठाकऱ्यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली तेव्हा मैदान भरलं होतं आणि लोक खिळून बसले होते. कुठलं मीम होतं तिथे? उत्तराची उत्सुकता होती. सुधीर गाडगीळांनी आयुष्यभर रंगमंचावर माणसं बोलती केली, कशाच्या जोरावर? तयारी करायची, ऐकायचं आणि उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच्या लोकांकडे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे त्याच्या निम्मंही नव्हतं. प्रेक्षक पळतात ते लांबीमुळे नाही. विचारणाऱ्यालाच काही जाणून घ्यायचं नाही हे त्यांना पाचव्या मिनिटाला कळतं.

खाली वर्णनात बघितलं. मास्तरांच्या फडाचं नाव नाही, गाव नाही, मुलाखतीची तारीख नाही. अँकरच्या इन्स्टाची लिंक आहे आणि कपड्यांचा डिस्काउंट कोड आहे. शून्यापासून सुरू करून तीन-चार ठिकाणच्या वेळा लिहिल्या असत्या तरी यूट्यूबने भाग पाडून दिले असते आणि लोककला शिकणाऱ्या एखाद्या पोरीला थेट नारायणगावापाशी जाता आलं असतं. अशा माणसांचं बोलणं दुसरीकडे कुठे सापडणार आहे तिला?

शेवटी पाटी आली, 'पार्ट टू लवकरच'. मास्तर ऐंशीच्या घरात आहेत, लवकरच म्हणजे कधी? उद्या सकाळी निघ. एसटीने जा, चांगला माइक ने, रॅपिड फायर पुण्यातच ठेव. मास्तरांसमोर जमिनीवर बस आणि पहिल्यांदा विचार, ती कनात का पाडली.